अकरा फळ्या जास्त

अण्णांनी मोजलं की ते पुन्हा कुणी मोजत नसे. सूतगिरणीच्या कोठारात चौतीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली आणि त्या काळात एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही, असं ते स्वतः सांगत. इतरांनाही ते खरं वाटे, कारण खोटं ठरवायचं तर मोजावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ होता कुणाला? निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. साबणाची वडी किती दिवस पुरते इथपासून जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत. पायऱ्या दर वेळी तेवढ्याच भरत आणि त्याचंही त्यांना समाधान असे.

अशात समोरच्या शाळेचा जुना खेळाचा हॉल पाडायला काढला. त्याची जमीन लाकडी होती, तांबूस, टणक, साठ-सत्तर वर्षं पोरांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. ठेकेदार ती उखडून भट्टीला घालणार म्हटल्यावर अण्णांना राहवेना. ते गेले, बोलले आणि हातगाडीवर फळ्या लादून घरी आले.

"हे कुठे ठेवणार?" बायकोने विचारलं. घरात शिवणाचा वर्ग चालवायची म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणे. हळूहळू अण्णाही म्हणू लागले होते.

"ठेवायचं नाही, घालायचंय. तुझ्या वर्गाच्या खोलीत. त्या गार फरशीवर बसून कापड बेततेस आणि संध्याकाळी गुडघे धरून बसतेस. लाकूड उबदार असतं."

कारण असं निघालं की बाईंना नाही म्हणता येईना. पंधरा दिवस वर्ग बंद ठेवायचं ठरलं. पंधराचे पंचाहत्तर झाले. अण्णा व्हरांड्यात पाट मांडून पकडीने खिळे उपटत. सरळ खिळे एका डब्यात, वाकडे दुसऱ्यात. मग सुतार आला. त्याने फळ्या पाहिल्या, वास घेतला आणि सांगितलं, "आता ह्या खोलीतच रचून ठेवा, मध्ये काड्या घालून, वारा खेळू दे. तीन आठवडे. लाकडाला घराची सवय व्हायला पाहिजे, नाहीतर मागाहून फुगतं."

"लाकडाला तीन आठवडे," बाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा मला तीन तास नव्हते दिले. आल्या आल्या हातात झाडू."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले आणि पुढचं गिळलं.

त्या तीन आठवड्यांत अण्णांनी मोजणी केली. खोली बारा फूट बाय पंधरा. फळ्या सगळ्या पाच फुटी केलेल्या, म्हणजे एका ओळीत तीन. रुंदी तीन इंच, म्हणजे बारा फुटांत ओळी अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस त्रिक एकशे चव्वेचाळीस. चांगल्या फळ्या भरल्या एकशे पंचावन्न. अकरा जास्त.

शिल्लक ही गोष्ट अण्णांना शोभेची वाटे. ती नुसती ठेवण्यात काय मजा? पाच माणसांसमोर ती कुणाला तरी द्यावी लागते. बाईंच्या वाढदिवसाला सगळी मंडळी जमलेली असताना त्यांनी त्या अकरा फळ्या मेहुण्याला देऊन टाकल्या.

मेहुणा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. माणूस शांत, पण अण्णांच्या हाती त्याची एक गोष्ट लागलेली होती. हा घड्याळजी स्वतःच्या लग्नाला चाळीस मिनिटं उशिरा पोचला होता. सत्तावीस वर्षं अण्णा ती गोष्ट प्रत्येक समारंभात सांगत आले होते आणि त्या दिवशीही फळ्या देता देता सांगितली. "घे, मोजूनमापून उरलेल्या आहेत. तुला काही वेळेवर करून ठेवता आलं तर बघ." मंडळी हसली. मेहुणाही हसला, नेहमीसारखा, थोडा उशिरा.

मग सुतार कामाला लागला. त्याने अण्णांना एवढंच विचारलं, "माल पुरतोय ना?"

"पुरून उरला."

"मग झालं. तुमचं मोजलेलं, त्यावर मी काय मोजू?"

फळीच्या एका कडेला खाच होती आणि दुसऱ्या कडेला बोटाच्या पेराहूनही अरुंद अशी बाहेर आलेली पट्टी. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसवायची, हातोडीने हलकेच ठोकायचं, की दोन्ही एकजीव. ओळीमागून ओळ जात होती. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांना वाटत होतं, आपण ही जमीन घालतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोकण्याचा आवाज थांबला. खोलीत एकही फळी उरली नव्हती. आणि पलीकडच्या भिंतीशी पंधरा फूट लांब, फूटभर रुंद अशी फरशी तशीच उघडी होती.

खराब म्हणून बाजूला काढलेल्या ढिगातून सुताराने दोन तुकडे उचलले आणि टेपसकट अण्णांच्या हातात दिले. अण्णांनी एक मोजला, तीन इंच. दुसरा, तीन इंच. मग त्याने ते एकमेकांत बसवले. अण्णांनी पुन्हा टेप लावली. तीन आणि तीन पावणेसहा भरले.

"पट्टी खाचेत जाते, अण्णा," सुतार हळू म्हणाला. "ती मोजायची नसते."

चौतीस वर्षं वस्तू जशी हातात येते तशी मोजलेला माणूस. कोठारात एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या पोटात शिरत नाही. अण्णांच्या कानशिलाशी ऊन लागल्यासारखं झालं.

"किती कमी?"

"चार ओळी. बारा फळ्या. भिंतीशी अर्धा अर्धा इंच सोडायचाच असतो, त्यामुळे बरोब्बर बसतं. तुम्ही म्हणाला होता ना, अकरा उरल्यात? बारावी मी ह्या खराबातल्या दोघींच्या चांगल्या तुकड्यांची करतो. अकरा तेवढ्या आणून द्या."

"नवीन लाकूड घातलं तर?"

"घाला की. पण हा रंग सत्तर वर्षांनी येईल. तोवर मी नसेन."

शाळेचा हॉल तर केव्हाच सपाट झाला होता. उरलेल्या फळ्या भट्टीत. म्हणजे साऱ्या जगात त्या जातीच्या अकराच फळ्या शिल्लक होत्या, आणि त्या नेमक्या ज्याच्याकडे मागायला अण्णांची जीभ उचलणार नाही त्या माणसाकडे.

"सोमवारी वर्ग सुरू होतोय," बाई दारातून म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगून बसलेय. जाऊन या."

"तू सांग ना त्याला. तुझा भाऊ आहे."

"दिल्या कुणी?"

अण्णा गेले. नेहमी बारा मिनिटांत होणारा रस्ता त्यांनी अर्ध्या तासात चालला. दुकानात मेहुणा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होता. दारापाशी एक बाक होता, लोखंडी सांगाड्याचा. बसायला सहा फळ्या आणि पाठीला पाच. तांबूस, पुसून लखलखीत. त्यावर बाजारातले दोन म्हातारे पेपर वाचत बसले होते.

"या भाऊजी," मेहुणा म्हणाला. "बसा. तुमचाच बाक आहे."

अण्णा बसले. चहा आला. त्यांनी दुकानाची चौकशी केली, मग हवेची, मग भाच्याच्या नोकरीची. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. एक हात नकळत बाकाच्या कडेवरून फिरत होता.

"सत्तावीस वर्षांत तुम्ही इथे दोनदा आलात," मेहुणा भिंग न काढता म्हणाला. "दोन्ही वेळा घड्याळ बंद पडलं होतं. आज काय बंद पडलंय?"

"घड्याळ नाही." अण्णांनी कप खाली ठेवला. म्हातारे पेपराआडून ऐकत होते, ऐकू देत. "माझं मोजताना चुकलं. फळीची जी पट्टी खाचेत जाते, तीही धरून मोजली. खोलीला फूटभर कमी पडलंय. तू देशील तर ह्या परत हव्यात."

एवढी लांब कबुली त्यांनी आयुष्यात दिली नव्हती. आता मेहुणा काय काढतो ह्याची ते वाट बघत राहिले. काढायला त्याच्याकडे सत्तावीस वर्षांचा साठा होता.

मेहुण्याने भिंग काढून रुमालाने पुसलं. "किती कमी आहेत?"

"बारा."

"मग ह्या घेऊनही एक कमी पडणार."

"ती सुतार करतोय. तुकड्यांची."

"मग ठीक." तो उठला, खणातून तीन पेचकस काढले आणि म्हाताऱ्यांना म्हणाला, "काका, जरा उठता का? जमीन निघालीय."

"सरस नाही लावलास?" अण्णांनी विचारलं. येताना रस्ताभर त्यांना तीच धास्ती होती.

"आमच्या धंद्यात चिकटवत नाहीत, भाऊजी. जे बसवायचं ते उद्या उघडता आलं पाहिजे."

दोघं खाली बसले. प्रत्येक फळीला चार स्क्रू होते, बारीक, एकसारखे, घट्ट. मेहुणा काढी आणि अण्णा बशीत ठेवत. तासाभराने मेहुणा म्हणाला, "त्या दिवशी लग्नाला निघालो तेव्हा रस्त्यात वडिलांना चक्कर आली होती. त्यांनीच सांगितलं, कुणाला बोलू नकोस, मांडवात घबराट नको. म्हणून चाळीस मिनिटं."

अण्णांनी बशी बाजूला सारली. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"वडील होते तोवर त्यांचा शब्द होता. नंतर," मेहुण्याने स्क्रू दिला, "तुम्ही इतकी छान सांगायचात."

अण्णांनी तो स्क्रू हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "चुकलंच माझं." कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मेहुण्याने विचारलं नाही. त्या दुपारी हातगाडीला एक बाजू अण्णांची होती, दुसरी मेहुण्याची. दुकान पहिल्यांदाच वेळेआधी बंद झालं होतं.

शनिवारी जमीन पुरी झाली. स्क्रूंची भोकं सुताराने लाकडाच्याच बारीक खुंट्या ठोकून बुजवली आणि रंधा मारला, तरी शेवटच्या चार ओळींवर गडद ठिपके दिसत होते. सोमवारी वर्ग भरला. बाईंनी चपला काढून पाऊल टेकवलं, पुन्हा टेकवलं आणि कापड पसरलं.

शेजारची नवी सून त्याच दिवशी वर्गाला आली होती. भिंतीशी बसल्या बसल्या तिने ठिपके मोजले.

"अण्णा, हे त्रेचाळीस ठिपके कसले हो?"

"चव्वेचाळीस," दारातल्या खुर्चीवरून अण्णा म्हणाले. "एक मशीनच्या पायाखाली आहे."

"पण कसले?"

बाईंच्या हातातली कात्री कापडावर थांबली.

"माझं मोजताना चुकलं होतं, त्याचे," अण्णा म्हणाले. "सांगतो, बैस. गोष्ट मोठी आहे. माझ्या मेहुण्याने निस्तरलं म्हणून बरं."

कात्री पुन्हा चालू झाली.