कानातले खडे

पोफळीला किती सुपारी धरली ते बघायला कुमुदमावशीने मान वर केली आणि अख्खी वाडी तिच्याभोवती फिरायला लागली. श्रीवर्धनची ही पिढीजात वाडी आजवर जागची हलली नव्हती. मावशी मटकन भुईवर बसली.

दुसऱ्याच दिवशी तिचा मुलगा अनीश पनवेलहून हजर. "आई, चक्कर थांबली नाही तर रविवारी कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. एकटीनं राहणं बास." त्याचं घर सातव्या मजल्यावर. गरगरणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा कुठली?

डॉक्टर म्हणाले, "कुशीवर वळताना, वर बघताना फिरतं ना? कानातले खडे सरकलेत. बसवून घ्यावे लागतील." एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि मावशी उठली. खडे बसवायचे तर दवाखान्यात कशाला थांबायचं? ती थेट अल्पेश सोनाराकडे गेली.

त्याने तिच्या कुड्या भिंगाखाली धरल्या. "मावशी, खडा तो पक्का छे."

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं? आवळ."

त्याने आवळले. घरी येऊन मावशी उजव्या कुशीवर वळली आणि छप्पर फिरलं. "उजव्याचा ढिला राहिला मेल्याने!" निदान बिनचूक होतं, फक्त दुकान चुकलं होतं.

शेजारच्या महेरुन्निसाने तिला दवाखान्यात परत ओढत आणलं. "अगो, कानाच्या आतले! रेतीहून बारीक!" मागोमाग अनीशही आला.

डॉक्टरांनी मावशीची मान उजवीकडे वळवली आणि तिला झपकन आडवं केलं. डोकं खाटेबाहेर लोंबतं.

"मेले!"

"नाही मरत. थांबा."

फिरणं थांबल्यावर मान डावीकडे, मग अंगासकट कुशीवर, नाक जमिनीकडे, मग हळूच बसतं केलं. दवाखाना जागेवर आला.

"पुन्हा सरकू शकतात. सरकले की हीच कवायत. एरवी उठताना सावकाश."

अनीशचा चेहरा खुलला. "बघ! एकटी असताना सरकले तर मान कोण धरणार?"

"मी," महेरुन्निसा म्हणाली. "डाक्टर, शिकवा मला. तीस बरस हिची मुंडी पिरगाळायची राहिलीय. आता इलाज म्हणून मिळतेय, तर सोडते काय?"

"धर बाई, पण हळू," मावशी म्हणाली.

शिकायला कुणीतरी आडवं पडायला हवं होतं. अनीश मोकळाच होता.

तिसऱ्या खेपेला महेरुन्निसाला जमलं. मग अनीश भिंत धरत धरत एस.टी. स्टँडकडे गेला. एकटाच.