मास्तरीणबाईंचा शेवटचा विद्यार्थी

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरीणबाईंनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली होती, एक नवरा सोडून. संसार टिकवायचा तर नवऱ्याला गाडी शिकवायची नाही, हा त्यांचा नियम. नवरा घड्याळजी. कुठे जायचं तर तो स्कूलच्याच गाडीत त्यांच्या शेजारी बसायचा, आणि त्या बाजूला मास्तरांसाठी जादा ब्रेक असल्यामुळे वळण आलं, कुत्रं दिसलं की बिनदिक्कत दाबायचा. गाडीतलं त्याला तेवढंच येत होतं, पण ते पक्कं होतं.

मग बाईंचं पोट जड वाटायला लागलं आणि स्कॅन झाला. आत जिकडेतिकडे गाठी, माळ तुटून मणी पसरावेत तशा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसतंय तरी कॅन्सर पसरल्यासारखं. पण दुर्बिणीतून एखादी गाठ काढून तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. यातलं पहिलं वाक्य बाईंनी घरी आणलं. दुसरं तिथेच राहिलं.

रडण्याचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. बाई विचाराला लागल्या. आपल्यामागे याचं कसं होणार? स्वयंपाक त्याला त्यांच्यापेक्षा बरा जमत होता. कपडे मशीन धूत होतं. राहता राहिली गाडी.

गाठ काढून झाली, टाके सुकले, आणि निकालाची वाट न बघता शिकवणी सुरू झाली. त्याआधी बाईंनी मेकॅनिककडून आपल्या बाजूचा ब्रेकच काढून घेतला. आपण नसणार, तर त्याला आपल्या ब्रेकची सवय कशाला, असा हिशेब. मेकॅनिक म्हणाला, बाई, लोक ब्रेक बसवायला येतात. बाईंनी त्याला कामाला लागायला सांगितलं.

परक्या विद्यार्थ्यानं चौकात गाडी बंद पाडली की बाई गोड आवाजात ‘हरकत नाही हं’ म्हणत. घड्याळजीच्या वाट्याला तो आवाज आला नाही. क्लच कुठला हे त्याला कळेपर्यंत त्याची आई, त्याचं शिक्षण आणि लग्नाआधीची एक जुनी खोड, सगळं निघालं. त्याला आजवर पायाखाली ब्रेक मिळाला होता तो नको त्या बाजूला, त्यामुळे तो चाचपडत राहायचा. बाईंचा पाय रिकाम्या जागेवर दणादण आपटायचा.

निकालाच्या दिवशी त्यानंच गाडी काढली. एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं, मग बाबागाडी ढकलणाऱ्या एका बाईनंही. सिग्नलला थांबल्यावर तो समोर बघत म्हणाला, “तू नसलीस तर ही गाडी घेऊन मी जाऊ कुठे?”

सिग्नल हिरवा झाला, तेव्हा बाई खेकसल्या, “अहो, गिअर टाका.”

डॉक्टरीणबाईंनी या वेळी वाक्य उलटं सांगितलं: कॅन्सर नाही. या गाठी गर्भाशयाच्या भिंतीत असतो तसल्या साध्या स्नायूच्या. पूर्वी गर्भाशयातली गाठ दुर्बिणीतून तुकडे करून काढली होती ना, त्याचेच बारीक कण बहुधा पोटात राहून रुजले असावेत. क्वचितच होतं असं. आणि दिसायला इतकं हुबेहूब कॅन्सरसारखं, की बघणाऱ्याचीही पाचावर धारण बसते. मात्र अधूनमधून तपासायला यायचं, टाळाटाळ चालणार नाही.

बाहेर येऊन दोघं गाडीत बसली. घड्याळजीला किल्ली लावता येईना. बाईंनी नाक पुसलं आणि मग नेहमीच्या आवाजात सांगितलं, की आता शिकायची काही गरज नाही, उतरा, मी चालवते.

“उतरणार नाही,” तो म्हणाला. “दर तपासणीला मीच आणणार तुला.”

“तुमचा वेग बघता,” बाई पट्टा लावत म्हणाल्या, “पुढच्या तपासणीला आजच निघायला हवं.”

त्यानं गाडी सुरू केली. बाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणून तो घाबरला आणि गाडी पुन्हा बंद पडली.

“हरकत नाही हं,” बाई म्हणाल्या.