ढवळी बांधली का?

आमच्या धाकट्याने शेतात घर बांधलं आणि घराला दार बसायच्या आधीच दारापुढे उभी करायची शिळा आणून टाकली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. शहरात नोकरी करतो, अधूनमधून येतो आणि आला की बांधावरून असा फिरतो, जणू वासरंसुद्धा त्याला विचारून जन्माला येतात. शेती मी करते. गोठा मी आणि आत्या मिळून बघतो. पण शिळेवर घराण्याची वंशावळ कोरायची हे त्याने ठरवलं, पाथरवटही त्यानेच आणला. नावं सांगायची वेळ आली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आजोबांच्या पलीकडचं आपल्याला काहीच ठाऊक नाही.

मलाही नव्हतं, पण मी शिळा आणली नव्हती.

सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं, थोरले काका. आत्याचे सख्खे भाऊ, आमच्या वडिलांचे सावत्र. आजोबा पहिल्यांदा कुठेतरी लांब, नदीकाठी शेती करायचे. तिथे त्यांची पहिली बायको होती. काका आणि आत्या ही तिची दोन मुलं. मग ती नदीकाठची जमीन टाकून आजोबा इकडे आले, इथे दुसरं लग्न केलं आणि त्यातून आमचे वडील झाले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. नदीकाठच्या बायकोचं पुढे काय झालं, हे या घरात कधी कुणी विचारत नसे.

काकांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मला कधी ते शेजारीण समजतात, कधी डॉक्टरची बायको. धाकट्याला तर त्यांनी मागच्या वेळी "म्हैस किती दूध देते हो तुमची?" असं विचारलं होतं आणि तो दिवसभर फुगून बसला होता. पण गायी त्यांच्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. आज गोठ्यात उभी असलेली चंद्री कुणाची, तिची आई कोण, आईची आई कोण, हे ते न अडखळता सांगतात. गायींचं घराणं आईवरूनच चालतं. बैल बाहेरचा, आज या वस्तीवरचा तर उद्या त्या. त्याची आठवण कोण ठेवतो? माणसांत आपण नेमकं उलटं करतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या हातांत राहिली आहे, गाठ. उभ्या आयुष्यात काकांनी दुसऱ्या कुणाला गाय बांधू दिली नाही. स्वतः बांधायचे, ओढून बघायचे, दोन पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढून बघायचे. "काकांची गाठ" ही आमच्या घरातली थट्टाच होती. एखादी गोष्ट सुटेनाशी झाली, मग तो हिशेब असो की भांडण, की आम्ही म्हणायचो, काकांनी बांधलंय वाटतं. आता ते खाटेवर पडून चादरीच्या टोकाला गाठी मारत असतात. रोज सकाळी मी त्या सोडवते. माझी नखं तुटतात.

आणि रोज दिवस कलायला लागला की त्यांचा जीव कासावीस होतो. "ढवळी बांधली का?" म्हणून विचारत राहतात. गोठ्यात ढवळी नावाची गाय नाही, माझ्या आठवणीत कधी नव्हती. आम्ही जाता येता "हो हो, बांधली" म्हणतो आणि कामाला लागतो.

आत्याबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

आत्या दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या हातून दुधाची चरवी पडली. आमची आजी, म्हणजे तिची सावत्र आई, तशी वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती बोलून गेली, "आईने टाकून दिलेली पोर, हिच्या हाताला कसली बरकत!" आजोबा तिथेच जेवत होते. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि शेतात निघून गेले. "असं नाही" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. थोरले काका भिंतीला टेकून उभे होते. तेही मूग गिळून राहिले. आत्या मला म्हणाली होती, "दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं असतं ना, तरी मी सगळा जन्म त्या एका शब्दावर काढला असता."

पुढे ते बोलणं घराबाहेर गेलं. आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तान्हं लेकरू टाकून जाणाऱ्या बाईची मुलगी कोण करणार? ती इथेच राहिली, गायी बघत. कुणाच्याही बाळाला मांडीवर घेत नाही. आम्हाला वाटायचं, तिला मुलं आवडत नाहीत.

तर त्या दिवशी दुपारी काकांची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत होती. समोर जमिनीवर शिळा आडवी पडलेली आणि पाथरवट तिच्यावर खडूने ओळी आखत होता. आत्या कोपऱ्यात दुधाची भांडी घासत होती.

"आजोबांच्या शेजारी आजीचं नाव घ्यायचं," धाकटा म्हणाला. "एक की दोन?"

प्रश्न मला होता, उत्तर आत्याने दिलं. मान वर न करता. "जी राहिली तिचं घाल. जी गेली तिचं कशाला?"

"पण आत्या..."

"कोरीव अक्षराला पैसे पडतात. पळून गेलेल्या बाईवर घालवू नकोस."

धाकटा काकांकडे वळला. "काका, आजोबांच्या वडिलांचं नाव काय होतं?"

काकांनी त्याच्याकडे सभ्यपणे पाहिलं. "तुम्ही कुठले?"

पाथरवटाने खडू खाली ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली. आज काही काम होत नाही, हे त्याने ओळखलं असावं.

मीच म्हटलं, "माणसांवरून विचारू नकोस. गायींवरून विचार. गायींच्या मागून माणसं आठवतात त्यांना." आणि मी खाटेवर बसले. "काका, चंद्री कुणाची?"

"तांबडीची." काकांचा चेहरा एकदम जागा झाला. "तांबडी व्याली तेव्हा विहिरीवर इंजिन बसलं."

"तांबडी कुणाची?"

"शिंगमोडीची. गुणाची गाय. ती व्याली आणि आठवड्यात धाकट्या भावाला मुलगी झाली. रडकी होती."

ती मी. धाकटा खूश होऊन हसला. मग काका मागे मागे जात राहिले. कोणती गाय व्याली त्या साली वडिलांचं लग्न झालं, कोणती आटली त्या साली आजी गेली, काजळी गाभण होती तेव्हा वडील जन्मले. घरातलं प्रत्येक जन्ममरण कुठल्या ना कुठल्या गायीच्या दाव्याला बांधलेलं होतं. मी असं सगळं एका दमात कधी ऐकलं नव्हतं.

"काजळी कुणाची?"

"भुरीची. भुरीला घेऊन आलो आम्ही इकडे. वासरू होती. मी चालत, बाळ बाबांच्या खांद्यावर, भुरी मागून."

इथे ते नेहमी थांबतात. भुरी म्हणजे पहिली, असं आम्ही धरून चाललो होतो. पण धाकट्याला अजून एक पिढी हवी होती.

"आणि भुरीची आई कोण?" त्याने विचारलं.

काकांचे हात चादरीकडे गेले. त्यांनी टोक पकडलं, पीळ घातला, गाठ मारली, ओढली.

"ढवळी," ते म्हणाले.

म्हणजे ढवळी खरोखर होती.

"ढवळी सुटली," काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण बोलत होतं एक लहान मूल. "मी बांधली होती. बाबा बाजाराला गेले होते ना, म्हणून मी बांधली. मला येते गाठ, मी आईला म्हटलं. ती म्हणाली, ओढून बघ. मी नाही बघितली. खेळायचं होतं."

घासण्याचा आवाज थांबला.

"दिवस बुडताना आई म्हणाली, ढवळी कुठाय? पोटुशी गाय, नदीकडे गेली असेल. मी म्हटलं मी जातो. ती म्हणाली, तू नको, नदी चढलीय, तू बाळाला धर. नुकतीच बाळंत झाली होती ती. तिला नीट चालवत नव्हतं. बाळ माझ्या मांडीवर दिलं. म्हणाली, मी येईपर्यंत खाली ठेवायचं नाही, भुईला ओल आहे. आलेच म्हणाली."

पाथरवटाची तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

"मी नाही ठेवलं खाली," काका म्हणाले. "हात मेले माझे, तरी नाही ठेवलं. बाळ रडलं, मग झोपलं, मग परत रडलं. उजाडलं तेव्हा ढवळी आली. मागून वासरू. आई नाही आली." त्यांनी दुसरी गाठ मारली. "बाबांना ती नदीच्या खालच्या वळणावर सापडली. बाबांनी विचारलं, गाय कुणी बांधली होती? मी म्हटलं, मी. बाबा म्हणाले, हे आता कुणाला सांगायचं नाही. कधीच नाही. कुणी काही म्हणू दे, आपण बोलायचं नाही."

मग ते माझ्याकडे वळले आणि काळजीने म्हणाले, "तुम्ही सांगू नका हं कुणाला."

मला आजोबांचा राग आला, असा राग की ते समोर असते तर मी वय पाहिलं नसतं. आईला मारणारा पोरगा असं लोकांनी आपल्या मुलाला म्हणू नये म्हणून त्यांनी ती नदी सोडली, जमीन सोडली, त्या बाईचं नावसुद्धा मागे सोडलं. एका लेकराला पाठीशी घातलं ते ठीक. पण दुसरं तिथेच उभं होतं, चरवी सांडून, आणि त्याच्या वाट्याचा एक शब्द त्यांनी जेवणासोबत गिळला. काकांचाही राग यावा असं मला वाटत होतं, पण त्यांच्या हातांकडे बघून तो येईना.

आत्या उठली. साबणाचे हात तसेच घेऊन ती आमच्यासमोरून गोठ्यात गेली. धाकटा उठायला लागला, मी त्याला खाली बसवलं.

ती चंद्रीजवळ उभी होती. चंद्री तिचे ओले हात चाटत होती. ढवळी, भुरी, काजळी आणि मग सगळ्या. ज्या बाईला आत्या जन्मभर मनातल्या मनात शिव्या देत आली, तिने ज्या गायीसाठी जीव गमावला तिच्याच लेकी ती रोज धूत होती, चारत होती, पिळत होती. मला हे सुचलं, म्हणजे तिलाही सुचलंच असणार. तिने चंद्रीच्या मानेवर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. रडण्याचा आवाज आला नाही.

बाहेर आली ती थेट शिळेपाशी. "दोन नावं घ्या," ती पाथरवटाला म्हणाली. "पहिलं माझ्या आईचं."

"सांगा," पाथरवटाने खडू उचलला.

आत्या काकांकडे वळली. "दादा, आईचं नाव काय होतं?"

काकांना प्रश्नच विचित्र वाटला. "आई," ते म्हणाले.

"अरे, पण तिला हाक काय मारायचे? बाबा काय म्हणायचे?"

"बाबा म्हणायचे, तुझ्या आईला बोलाव."

धाकट्याने डोकं खाजवलं. "नाव नसताना कसं कोरणार? असं कुठे असतं?"

"तेच कोरा," आत्या म्हणाली. "आई."

"ताई, लोक विचारतील, कुणाची?" धाकटा माझ्या कानाशी कुजबुजला.

"विचारू देत," मी म्हटलं. "कुणीतरी विचारायलाच हवं होतं."

पाथरवटाने खडूने अक्षरं काढली. सगळ्या नावांत हे नाव छोटं होतं, म्हणून त्याने अक्षरं जरा मोठी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

धारा काढायची वेळ झाली. मी बादल्या घेतल्या, धाकटा मदत करायच्या नावाखाली मध्ये मध्ये येत होता. आत्या मात्र गोठ्यात आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती काकांच्या खाटेच्या कडेला बसली होती, मला दाव्यांच्या मधून दिसत होती. ऊन उतरलं तसे काका चुळबुळ करायला लागले. हात चादरीचं टोक शोधू लागले.

"ढवळी बांधली का?"

आम्ही दोघं तिथेच थांबलो. माझ्या मनात आलं, आत्या आज काहीही म्हणू शकते आणि कुणी तिला बोल लावणार नाही.

"बांधली, दादा," ती म्हणाली.

"ओढून बघितली?"

"बघितली. दोनदा. पक्की आहे गाठ तुझी."

काका हळूच म्हणाले, "आई कुठाय?"

आत्याने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"घरात आहे. बाळ तिच्याजवळ आहे, तिने घेतलं. तुझे हात दुखले असतील ना? तू आता सोड."

काकांनी चादरीचं टोक सोडलं.