यशोचा वेगळा माठ

सहा वर्षांच्या यशोधराला रक्ताचा कॅन्सर होता. इंजेक्शनं देऊन दवाखान्याने तिला थोडे दिवस घरी सोडलं, तेव्हा सिस्टरने साऱ्या लेकरांच्या आयांना बसवून समजावलं होतं. पाणी उकळलेलं, माठ-पेला वेगळा, कुणी शिवायचं नाही, अंग तापलं की तडक दवाखाना. यशोच्या आईने, सिंधूने, ते तोंडपाठ केलं. देवणीजवळच्या आपल्या गावात पाय ठेवताच सासूपुढे घडाघडा म्हणून दाखवलं, अन् तिथंच घोडं अडलं.

"येगळा माठ? माज्या नातीला?" धुरपताबाईंचा आवाज चिरकला. "मी पाटलाच्या दारात वरून वतलेलं पाणी पेले, वंजळीनं. धम्म घेतला तवा ते सारं टाकलं. अन् तू ते घरात परत आणाय लागलीस?"

त्यांनी यशोचा पेला उचलला, पाणी प्यायल्या आणि उष्टा पेला माठात बुडवला.  दुष्काळात थेंब थेंब जपलेलं पाणी सिंधूने भांडी घासायला काढलं आणि नवं पाणी उकळायला पुन्हा चूल पेटवली. नवरा लातुरात, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई. बोलायचं कुणाशी? पोरीच्या कपाळाला हात लावायचीही तिला धास्ती वाटायची. कपाळ तापलेलं निघालं तर?

सकाळी टँकरचा भोंगा वाजला. जावं तर पोर सासूच्या हाती, न जावं तर घरात पाणी नाही. घागर उचलताना सिंधूला रडू फुटलं.

"आत्याबाई, इटाळ तिचा न्हाई, आपला हाय. इंजेक्शनानं तिच्या रक्तात ताकदच उरली न्हाई. आपल्या हाताची घाण, आपला खोकला तिला मारील. म्हणून आपुन दूर राहायचं."

 सिंधू तशीच निघाली.

टँकर रिता होत होता त्या विहिरीवर कुणीतरी सांगितलं, शेषेराव पाटलांच्या कोंडाबाई पोरीला बघायला तुझ्याकडंच गेल्यात. सिंधू अर्धी घागर घेऊन पळत सुटली. त्या बाईचा खोकला साऱ्या गावाला ठाऊक होता, आणि दिसेल ते लेकरू मांडीवर घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शिवाय पाटलिणीला नको कोण म्हणणार?

कोंडाबाई अंगणात उन्हात उभ्या होत्या. धुरपताबाई उंबऱ्यावर, हातात तांब्या.

"पदर तोंडाला लावा, पाटलीणबाई. खोकला हाय तुमाला. दारातूनच बघा. पर आदी हात धुवा."

"मला सांगतीस, धुरपता?"

"तुमाला. मलाबी. सकाळधरनं मीबी जवळ गेले न्हाई तिच्या."

सिंधू जागीच थबकली.  आतून यशो हळूच म्हणाली, "आजी, तहान लागली."

 धुरपताबाईंनी तांब्या उंच धरला.

कोंडाबाईंनी हात धुवायला ओंजळ पुढे केली.