शनिवारच्या बाजारातला कांदा

"मला येतंय गुर्जी, पर बोलाया येत न्हाई."

महबूब शेख गुरुजींनी हा आवाज ऐकला त्याला बारा-तेरा वर्षं झाली. वरवंडच्या शाळेत, चौथीच्या वर्गात पाढा म्हणायला उभी केलेली नकुशी एवढंच बोलली होती. वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजीही हसले. संध्याकाळी तिच्या बापाला त्यांनी सांगून टाकलं, हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही, उगं वरीस वाया घालवू नका. दुसऱ्या दिवसापासून पोर खुरपायला जाऊ लागली.

पुढं गुरुजी इथिओपियाला गेले. डोंगरातलं बारकं गाव, तिथल्या शाळेत गणित शिकवायचं. फळ्यावर खडू चालायचा, पण बाजारात जीभ टाळ्याला चिकटायची. पंचेचाळिशीचा माणूस मिठाकडं बोट दाखवत उभा राही, आन् पोरंसोरं नकला करीत. तिथंच एके दिवशी नकुशीचा आवाज कानात उमटला, तो मग गेलाच नाही.

एक कांदेवाली म्हातारी मात्र दर शनिवारी कांदा हातात धरून बसायची. कांद्याचा तिथला शब्द, 'शिंकुर्त', म्हणायची आणि गुरुजींनी तो म्हणायची वाट बघायची. मागं गिऱ्हाईक खोळंबलं तरी तिचा हात खाली येत नसे. तिसऱ्या शनिवारी गुरुजींच्या तोंडून तो शब्द निघाला, तेव्हा कुठं तिनं कांदा पिशवीत टाकला. खोलीवर येऊन, कांदा न चिरताच, गुरुजी रडले.

पाच वर्षांनी ते वरवंडला परतले. नकुशी सासरहून परत आलेली, गावातच राहते, हे त्यांना कळलं होतं. दोनदा तिच्या आळीच्या तोंडापर्यंत जाऊन ते माघारी फिरले.

जूनमध्ये पहिलीची पोरं नोंदवायला शाळेतल्या राजनंदिनीबाईंसोबत निघाले, तेव्हा ती आळी टळली नाही. नकुशी उंबऱ्यात गहू पाखडत होती. केस अवेळी पिकलेले. दाराआड सहा वर्षांची लेक.

बाईंनी लेकीचं नाव विचारलं. नकुशीनं मान हलवली.

"नगं बाई. माझ्यावानीच हाय ती, डोकं न्हाई. इचारा की गुर्जींना. त्यांनीच सांगितलं व्हतं आमच्या आबाला."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर गुरुजींना सोसला असता. इतकी वर्षं तिनं तो शब्द खराच मानला होता.

शेजारची दगडाबाई म्हणाली, गुर्जींचा शब्द कवा खोटा पडला न्हाई. बाईंनी वहीतली ओळ कोरी ठेवली आणि पुढच्या घराकडं वळल्या.

गुरुजी बाईंच्या मागं गेले नाहीत. सगळी आळी बघत होती. ते उंबऱ्याखाली, भुईवरच बसले. सूप थांबलं. गुरुजी सांडलेले गव्हाचे दाणे एकेक करून वेचू लागले. नकुशी सूप हातात धरून वाट बघत होती, थेट त्या कांदेवाल्या म्हातारीसारखी.

"नकुशे, तुला येत होतं. मीच थांबलो न्हाई."