नांदुऱ्यातली जर्मनी

आमच्या उंद्रीत बातमी पक्की व्हायची वाट कोणी पाहत नाही. ती कानावर पडली की गाव आधी फ्लेक्स लावून मोकळं होतं, खरंखोटं मागून. माझंही तेच झालं. हायड्रोजनवरच्या आमच्या संशोधनाला भारत आणि जर्मनी, दोन्ही सरकारांनी मिळून निधी दिला होता. त्यात इकडच्या एका संशोधकानं सहा महिने तिकडच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. मी बाबांना फोनवर एवढंच म्हणाले, की बहुतेक मलाच पाठवतील. त्यातलं 'बहुतेक' बाबांनी ऐकलंच नाही. आठवड्याच्या आत बसथांब्यावर माझा फोटो झळकला, 'उंद्रीची कन्या डॉ. सुचिता जर्मनीला रवाना'. रवाना म्हणे! मी तेव्हा नांदुऱ्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांच्या तोंडी परीक्षा घेत होते.

मला जायचं होतं ते काही बर्फ पाहायला नव्हे. कापूस वेचून झाला की जी पऱ्हाटी उरते, ती लोक शेताच्या धुऱ्यावर पेटवून देतात. मी ती बंद भट्टीत वाफेसोबत तापवून तिच्यातून हायड्रोजन काढते. निघतो, पण त्याच्यासोबत डांबरही निघतं आणि सगळ्या नळ्या तुंबतात. ते डांबर वाटेतच मोडून टाकायची हातोटी त्या जर्मन लोकांना साधली आहे. ती वाचून येत नाही, त्यांच्या भट्टीपाशी उभं राहूनच शिकावी लागते. या डांबरानं काही वर्षं माझा जीव खाल्ला होता, आणि सुटायची वाट मला तेवढी एकच दिसत होती.

सत्कार मारुतीच्या देवळासमोर ठेवला. प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव आले. बाबा पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. भगवंतराव माझ्या खांद्यावर शाल टाकायला वाकले आणि कानाशी म्हणाले, "नावात जरासा बदल झाला, सुचिता. तुह्या जागी राजकुमार जाऊन राह्यला. सत्कार होऊन जाऊ दे."

राजकुमार म्हणजे त्यांचा मुलगा. आमच्याच विभागात नावापुरता शिकवतो.

समोर अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. माइक माझ्या हातात दिला. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण माझी नोकरी कंत्राटी, दरवर्षी भगवंतरावांच्या सहीनं पुढे सरकणारी. सरकारनं निधी दिला तो संस्थेच्या नावानं, म्हणजे माझी भट्टीसुद्धा माझी नाही. आणि बाबा माझ्याकडे असे पाहत होते, की मी "आभारी आहे" म्हणून खाली बसले.

परत येताना गाडीत भगवंतरावांनी तोडगाही काढून ठेवला होता. "गावाले काऊन सांगतं? तुह्या बापाची शोभा होईन. सहा महिने कॉलेजच्या होस्टेलवर राह्य. काम तर तुलेच कराचं हाये."

तेवढं मात्र ते खरं बोलले.

तर मी होस्टेलवरच्या एका खोलीत जर्मनीला गेले. भट्टी मागच्याच शेडमध्ये, त्यामुळे फाटकाबाहेर पडायचं कारण नव्हतं आणि परवानगीही नव्हती. उंद्रीचं कोणी दिसलं तर? राजकुमार तिकडून चर्चसमोरचे फोटो पाठवायचा आणि खाली प्रश्न, "मॅडम, हे टार नेमकं कशामुळे होतं?" मी रात्र खर्चून उत्तर लिहायची, ते तो सकाळी तिथे स्वतःचं म्हणून वाचायचा. एका ऑनलाइन बैठकीत तिकडच्या प्राध्यापक बाईंनी सरळ विचारलं, "भारतात हे काम ज्या करतात, त्या का नाही आल्या?" राजकुमार म्हणाला, "त्यांना घर सोडवत नाही." मी त्याच बैठकीत होते, कॅमेरा बंद करून. माइक चालू करायच्या बटणावर माझं बोट होतं. ते तिथेच राहिलं. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

बाबांचा फोन रोज यायचा. व्हॉट्सॲपवर बोललं की माणूस कुठून बोलतो ते कळत नाही, हे एक बरं.

"थंडी लय असन ना तिकडे?"

"हो बाबा, लय." इकडे पंखा गरम हवा फेकत असायचा.

"खाल्लं काय?"

"ब्रेड."

व्हिडिओ लाव म्हणाले की मी सांगायची, इथे नेट पुरत नाही. जर्मनीत नेट पुरत नाही, हे बाबांनी मुकाट्यानं मान्य केलं.

एप्रिल लागला आणि मला खोली खायला उठली. एका दुपारी वॉचमन जेवायला गेला तशी मी तोंडाला दुपट्टा बांधून निघाले. उन्हात सगळ्याच बाया बांधतात, म्हणून निभावलं. स्टेशनसमोर उभं राहून दुपट्ट्याच्या आडूनच टरबूज खाल्लं. कोणाला घाबरायचं नाही, कोणाला उत्तर लिहून द्यायचं नाही. बस्स, तेवढाच काय तो माझा परदेश दौरा.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. या वेळी त्यांनी थंडीचं काही विचारलं नाही.

"काल विमल आत्याले गाडीत बसवाले नांदुऱ्याले आलतो," ते म्हणाले.

मी उठून पंखा बंद केला.

"टेसनासमोर तू टरबूज खाऊन राह्यली होती. तोंड झाकलं तरी पोरीची चाल बापाले समजते, माय."

"बाबा... हाक काऊन नाही मारली?"

"कशी मारू? संग गावातले चार जन होते. तू समोरून चालली होती, अन् त्याच टायमाले गोकुळनं इचारलं, रामराव, पोरगी कशी हाये जर्मनीत? म्या म्हतलं, मजेत हाये."