निशाणी बांगडी

नोंद पहिली. हॅलोफील्ड गाव, कनेटिकट. सन १७३९. जोसाया विदरबी आणि मर्सी यांचं लग्न लागलं.

नोंद दुसरी. तेच गाव. सन १७४१ ते १७४६. (चर्चची वही आगीत गेली. या सहा वर्षांत कोण जन्मलं, कोण मेलं, कुणी कुणाला टाकलं, ठाऊक नाही.)

नोंद तिसरी. तेच गाव. सन १७४७. जोसाया विदरबी आणि त्याची बायको पेशन्स यांना मुलगा झाला.

मग मर्सी गेली कुठे? आणि पेशन्स आली कुठून?

बहरीनमधल्या गुदैबिया भागात, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून, रुपाली साळवीने तीन महिन्यांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहून दिलं होतं: मर्सी आणि पेशन्स ही एकच बाई. आज, चौदा जानेवारीला, दुपारी सव्वातीन वाजता तिला कळलं की ते उत्तर साफ चुकलं होतं.

आणि बैठक पाचला होती.

अमेरिकेत तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असणार होते. विदरबी घराण्याचे आजचे वारस कॉम्प्युटरच्या पडद्यावर जमणार होते आणि वंशजांची यादी बंद करणार होते. हॅलोफील्डच्या टेकडीवर घराण्याचं जुनं दफनस्थान आहे. यादीत नाव असेल त्यालाच तिथे जागा. यादी एकदा बंद झाली की दहा वर्षं उघडायची नाही, असा त्यांचा नियम. लोरेन पाईक नावाच्या बाईने अर्ज केला होता. वय एकोणऐंशी. तिच्या घरच्या बायबलमध्ये आतल्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘आपण मर्सी विदरबीच्या हॅनाचे.’ पण मर्सी म्हणजेच पेशन्स असेल, तर तिची अकराच्या अकरा मुलं नोंदलेली होती आणि त्यात हॅना नव्हती. रुपालीच्या त्या एका ओळीने लोरेनबाईंचा अर्ज उडाला होता. आज त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

ती चुकली कशी, ते आधी सांगायला हवं, कारण अशी चूक अमेरिकन माणसाच्या हातून झालीच नसती.

रुपाली मूळची चिपळूणची. लग्नाआधी कोल्हापूरला मोडी शिकली, चार वर्षं जुन्या दफ्तरांत बसून कागद वाचले. लपेटीचं अक्षर, शाईचे डाग, वाळवीने खाल्लेले कोपरे यांची नजरेला इतकी सवय झाली की पुढे बहरीनला आल्यावर चिराग सरांनी तिच्यासमोर अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पत्र ठेवलं, तेव्हा तिने ते अर्ध्या तासात वाचून दाखवलं. चिराग देवस्थळी ठाण्याचे. सहा माणसांची कंपनी. अमेरिकेतल्या घराण्यांचे कागद वाचून वंशावळी लावून द्यायच्या, हा धंदा. रुपाली त्यांची सगळ्यात जुनी वाचणारी.

तर तिच्यासमोर दोन खतं होती. १७४२च्या जमिनीच्या खतावर मर्सीची सही नव्हती, निशाणी होती. एक गोल. १७५१च्या खतावर पेशन्सची निशाणी होती. एक फुली. नावं दोन, निशाण्या दोन. कुणीही म्हणालं असतं, बायका दोन.

पण रुपालीला नावं बदललेली पाहून काहीच वाटलं नाही. नाव बदलतंच की. आणि निशाणी? तिने वाचलेल्या दफ्तरांत कुणब्याच्या नावापुढे नांगर असे आणि बाईच्या नावापुढे बांगडी. ती निशाणी त्या माणसाने काढलेलीच नसे. लिहिणारा कारकून त्याच्या हाताने काढून मोकळा होई. आज गोल काढला, उद्या फुली मारली, त्याची मर्जी. म्हणून रुपालीने निशाण्यांकडे पाहिलंच नाही; तिकडे निशाणी ज्याची त्यानेच काढायची असे, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. ज्या विद्येवर ती पोट भरत होती, तिनेच तिला खड्ड्यात घातलं.

नोंद चौथी. शेजारचं गाव. सन १७५८. गरिबांवर देखरेख करणाऱ्यांच्या कागदांतून. हॅना, वय तेरा, हिला अठरा वर्षांची होईतो घरकामासाठी बांधून दिलं. आई, मर्सी विदरबी. तिची निशाणी,

गोल. डाव्या बाजूला न मिटलेला. आपल्या हाताने काढणाऱ्या माणसाचा हात प्रत्येक वेळी ज्या जागी थांबतो, त्या जागी थांबलेला.

रुपालीने १७४२चं खत शेजारी उघडलं. मोठं केलं. तिथेही गोल डावीकडे उघडा होता.

तीन वीस. ती उठली आणि सरांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, विदरबींचं आपलं चुकलंय.”

चिराग सर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, “आपलं?”

“माझं. बाया दोन आहेत. मर्सी १७५८ साली जिवंत होती, शेजारच्या गावात. मुलगी होती. हॅना.”

आता त्यांनी मान वर केली. “हे कुठून काढलंत?”

“गरिबांच्या वह्यांचे फोटो काल आले ना, त्यातून.”

“कशाला उघडले? ते काम फेब्रुवारीचं आहे.”

“हातातलं संपलं होतं.”

“वा! बाकीचे काम संपलं की चहा पितात.” त्यांनी खुर्ची मागे ढकलली. “रुपाली, हे वरातीमागून घोडं झालं. रिपोर्ट ऑक्टोबरमध्ये गेला. त्यांनी छापून घराघरांत वाटला. आज ते फक्त हात वर करणार. आपण बैठकीत पाच मिनिटं तोंड दाखवायचं, ‘रिपोर्टवर कायम आहोत’ म्हणायचं, खलास. मग अख्ख्या जिल्ह्याचे कागद आपल्याकडे येणार आहेत. पुढच्या आठवड्यात मी स्वतः पुरवणी पाठवतो, शांतपणे. चालेल?”

“यादी आज बंद होतेय, सर.”

“दहा वर्षांनी उघडेल.”

“बाई एकोणऐंशीची आहे.”

चिराग सरांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग जे म्हणाले ते आवाज न चढवता म्हणाले. “तुमचा व्हिसा कुणावर आहे? माझ्या कंपनीवर. आणि मुलीचा, तेजस्वीचा? तुमच्यावर. ती दहावीला आहे. मला यातलं काही बोलायला लावू नका.”

(इथलं थोडं राहिलेलं नाही. त्यानंतर दोघं काय बोलले ते ठेवण्यासारखं नव्हतं.)

तीन चाळीस. जिन्यात उभी राहून रुपालीने घरी फोन लावला. तेजस्वी ईसा टाउनच्या शाळेतून बसने कधीच परतलेली होती.

“जेवलीस?”

तेजस्वीने नेहमीप्रमाणे इंग्रजीत उत्तर दिलं. जेवले, भूगोल चाललाय, काय काम आहे?

“काही नाही. बाबांचा मेसेज आला?” सुयोग जहाजाच्या इंजिनघरात मोटरमन होता, रेंज मिळेल तेव्हा त्याचा मेसेज येई.

नाही आला. आई, तुझा आवाज असा का येतोय?

“जिन्यात आहे म्हणून,” रुपाली म्हणाली आणि फोन ठेवला.

सुयोगला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आणि तो पाण्यातच राहत होता, म्हणजे त्याला कळत असणार.

तिने हिशेब केला नाही. करायची गरजच नव्हती. व्हिसा रद्द म्हणजे तीस दिवसांत देश सोडायचा. दहावीचा पहिला पेपर सतरा फेब्रुवारीला. कोण कुठली लोरेन पाईक, पोरगी आपली.

चार दहा. ती परत जागेवर येऊन बसली. सरांना पटेल अशी एखादी पळवाट कागदातच सापडते का, ते शोधू लागली. गावात मर्सी विदरबी नावाची दुसरी कुणी असेल तर? करवसुलीच्या याद्या पाहिल्या. नाही. कारकुनाने साल चुकीचं लिहिलं असेल तर? मागचं पान, पुढचं पान. साल बरोबर होतं. चार पस्तीसला तिच्याकडे एकही पळवाट उरली नाही. चांगलं वाचता येण्याचा हाच शाप. खोटं वाचता येत नाही.

चार पंचावन्नला सरांनी हाक मारली. दोघं एकाच कॅमेऱ्यासमोर बसले. माउस सरांच्या हातात.

“मी बोलेन,” ते म्हणाले. “तुम्ही मान हलवा.”

बैठकीचा वृत्तांत. जसा झाला तसा, इंग्रजीतून.

अध्यक्ष ॲल्डन विदरबी: पंचवीस जण हजर आहेत. लोरेन पाईक त्यांच्या घरून हजर आहेत. लोरेन, ऐकू येतंय?

लोरेन पाईक: तुम्ही ओरडताय, ॲल्डन. मी म्हातारी आहे, बहिरी नाही.

(हशा.)

अध्यक्ष: संशोधकांना एकच प्रश्न. तुम्ही रिपोर्टवर कायम आहात का?

चिराग देवस्थळी: पूर्णपणे.

अध्यक्ष: आभार. नियमाप्रमाणे, ज्या व्यक्तीने मूळ कागद वाचले तिनेही स्वतःच्या तोंडाने होय किंवा नाही म्हणायचं आहे. मिसेस साळवी?

(शांतता.)

अध्यक्ष: मिसेस साळवी, आवाज बंद आहे का?

वृत्तांतात हे आलेलं नाही की चिराग सरांनी टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला नव्हता, डोळे वटारले नव्हते, काहीच केलं नव्हतं. त्यांनी फक्त माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला आणि पडद्यावरच्या लोरेनबाईंकडे पाहत राहिले. लोरेनबाईंनी जाड लोकरी स्वेटर घातला होता आणि मागे भिंतीवर कुणाचाच फोटो नव्हता.

रुपाली साळवी: नाही.

अध्यक्ष: नाही म्हणजे?

रुपाली साळवी: मी कायम नाही. मी चूक केली. मर्सी आणि पेशन्स या दोन बायका आहेत. मर्सी १७५८ला शेजारच्या गावात होती. तिला हॅना नावाची मुलगी होती. कागद माझ्यासमोर आहे, मी आत्ता दाखवू शकते.

अध्यक्ष: एक मिनिट. तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिलंत की नाव बदललं. अमेरिकेत लग्नात बाईचं पहिलं नाव बदलतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

रुपाली साळवी: कुणी नाही. आमच्याकडे बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो. माझं शेवंती होतं. मला वाटलं, तुमच्याकडेही कुणी तरी बदलत असेल. मला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला ते विचित्र वाटलंच नाही.



लोरेन पाईक: मुलीचं वय किती होतं?

रुपाली साळवी: तेरा. घरकामाला बांधून दिली होती. आईने निशाणी केली आहे.

लोरेन पाईक: तिने दिली, की तिच्याकडून घेतली?

रुपाली साळवी: कागद ते सांगत नाही. मी आता माझ्या मनाने काही भरणार नाही.

यादी बंद करण्याचा ठराव पुढे ढकलला. नवा कागद तपासायला दुसरे तज्ज्ञ नेमायचे ठरलं. चिराग सरांच्या कंपनीचे आभार मानले गेले. आभार अशा आवाजात होते की जिल्ह्याचे कागद आता या कंपनीकडे येणार नाहीत हे कळावं.

पडदा काळा झाला. पाच बावीस.

चिराग सर म्हणाले, “दोन वर्षं मी त्या जिल्ह्याच्या मागे होतो.”

“माहीत आहे, सर.”

“मी वाईट माणूस नाहीये.”

“नाहीच आहात.”

“तरीपण,” ते म्हणाले. त्यांनी ड्रॉवर उघडला, बंद केला. “तीस दिवस. कायद्याने जेवढे तेवढे. पत्र उद्या मिळेल. आज मला तुमच्याशी काही बोलायचं नाही.”

रुपाली घरी पोचली तेव्हा तेजस्वी जेवणाच्या टेबलावर नकाशे भरत होती. रुपालीने चप्पल काढायच्या आत सगळं सांगितलं, नाहीतर सांगवलंच नसतं. तेजस्वीने आधी ऐकून घेतलं. मग पेन्सिल टेबलावर आपटली आणि यावेळी, बऱ्याच महिन्यांनी, मराठीत बोलली.

“तू गप्प नाही का बसू शकलीस? एक शब्द होता, आई. एक. येस.”

“हो.”

“तुला माहीत होतं माझं काय होणार?”

“हो. माहीत होतं.”

“मग?”

रुपालीने चप्पल काढून बाजूला ठेवली. ती म्हणाली, “तू माझ्यावर चीड. चिडायलाच हवं. पण माझ्याशी बोलणं सोडू नकोस, आत्ता वेळ नाही आपल्याकडे.”

तेजस्वीने डोळे पुसले, मोबाइल ओढला आणि कॅलेंडर उघडलं. उद्या पत्र आलं तरी आजच धरू, ती म्हणाली, म्हणजे फसायला नको. चौदा जानेवारी अधिक तीस. तेरा फेब्रुवारी. पहिला पेपर सतरा. शेवटचा दहा मार्च. तिने बोटाने दिवस मोजले, पुन्हा मोजले.

“पंचवीस दिवस कमी पडतात,” ती म्हणाली. आवाज अजून रागातच होता. “कोण देणार पंचवीस दिवस?”

“खाली मुनाफभाईंचं दुकान सातपर्यंत उघडं असतं.”

मुनाफभाई व्हिसाचे अर्ज टाइप करून द्यायचे. अर्ध्या गुदैबियाचे कागद त्यांच्या हातून गेलेले. दोघी उतरल्या तेव्हा ते शटर अर्ध्यावर ओढून हिशोबाची वही शोधत होते. रुपाली वाकून आत गेली, तेजस्वी तिच्या मागून.

रुपालीने हिंदीत सगळं सांगितलं. कंपनी काढून टाकतेय, दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाही मिळाला तर मुलीपुरते तरी पंचवीस दिवस. काय करता येईल?

मुनाफभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “मुश्किल है, भाभी. लेकिन हो जाएगा. इंशाल्ला.”

“इंशाल्ला बाद में, मुनाफभाई,” रुपाली म्हणाली आणि समोरचा स्टूल ओढून बसली. “पहले बताइए, कौन-से कागज और किस तारीख तक.”

तेजस्वीने तिच्याशेजारी उभं राहून मोबाइलवर लिहायला सुरुवात केली.